प्रतिक्रियेला उत्तर : रॅटचं सर्किट बोर्डावरूनच का उतरवलं

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परखड आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं, की प्रो को रॅट या गिटारच्या डिस्टॉर्शन पेडलची सर्किट आकृती तयार मिळते, शिवाय सगळी करामत क्लिपिंग डायोडचीच, म्हणजे सिग्नलच्या लाटेची टोकं कापणाऱ्या डायोडची. मग जुनं पेडल उघडून बोर्डावरचे ट्रेस, म्हणजे तांब्याच्या वाटा, शोधत आकृती काढायची कशाला? आणि मोजमापासाठी रेझिस्टर सोल्डर वितळवून सोडवले की दुर्मिळ बोर्ड खराब होतो.

बोर्डाची काळजी रास्त आहे, पण सगळं सोडवावं लागतच नाही. बॅटरी काढून, कपॅसिटर रिकामे करून बोर्डावरच रेझिस्टर मोजला, तर समांतर वाटांमुळे आकडा कमी येऊ शकतो, जास्त कधीच नाही. त्यामुळे रंगीत पट्ट्यांच्या किमतीपेक्षा, टॉलरन्स (मान्य फरक) धरूनही, मीटर जास्त दाखवत असेल तर त्या रेझिस्टरची किंमत वाढलीय हे सोल्डरिंग आयर्न न तापवताच कळतं. आकडा कमी आला आणि समांतर वाटांचा हिशोबही लागला नाही, तरच एक पाय उचलायचा. अशा जागा थोड्याच निघतात.

डायोडचा मुद्दा मात्र मला अजिबात मान्य नाही. १एन९१४ डायोडची जोडी ऑपॅम्पच्या, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या चिपच्या, नंतर ग्राउंडला जोडलेली आहे, हे खरं. पण तिथे पोचणाऱ्या सिग्नलचं आधी काय होतं ते पाहा. ऑपॅम्पच्या फीडबॅकमध्ये १०० किलोओहमचा पॉट (नॉबने फिरणारा रेझिस्टर) आहे, आणि ग्राउंडकडे ४७ व ५६० ओहमच्या दोन शाखा, प्रत्येकीत आपापला कपॅसिटर. नॉब पूर्ण फिरवला की कागदावर गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, सुमारे २३०० पट निघतो. जुन्या रॅटमधल्या एलएम३०८ या ऑपॅम्पला तो सगळ्या श्राव्य पट्ट्यात देणं शक्यच नाही. त्यात त्याचा स्लू रेट, म्हणजे आउटपुट बदलण्याचा कमाल वेग, मायक्रोसेकंदाला जेमतेम ०.३ व्होल्ट; टीएल०७१ या दुसऱ्या ऑपॅम्पचा १३च्या आसपास. म्हणजे डायोडपर्यंत पोचण्याआधीच लाटेच्या कडा बोथट झालेल्या असतात. रॅटचा तो जाड, खरखरीत आवाज मला याच मंदपणात ऐकू येतो, आणि म्हणूनच हे पेडल मला इतकं आवडतं.

या मंदपणाची खूण बोर्डावर सापडते : चिपच्या पिन १ आणि ८ यांच्यामधला ३० पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर. एलएम३०८ला स्थिर राहण्यासाठी तो बाहेरून द्यावा लागतो. नंतरच्या रॅटमध्ये आलेल्या ओपी०७ या ऑपॅम्पमध्ये ही सोय आतच आहे आणि त्या पिना ऑफसेट जुळवण्यासाठी आहेत. आता एखाद्या तयार आकृतीत ओपी०७ आणि तो कपॅसिटर दोन्ही दिसले, तर तो खरंच त्या बोर्डावर होता, की जुन्या आकृतीवरून नक्कल करताना राहून गेला? बोर्ड पाहिल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही. म्हणून मी आधी बोर्डावरून काढतो आणि मग तयार आकृतीशी ताडून पाहतो.

तुमच्याकडे ओपी०७वालं पेडल आहे असं तुम्ही लिहिलंय. जमलं तर बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, पिन १ आणि ८ नीट दिसतील असे. त्यासाठी काहीही सोडवू नका.