‘मेंटेनन्स-फ्री तळ्या’चा तो फॉरवर्ड पाळलात तर मासे मरतील

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आलाय. "अंगणात छोटा हौद बांधा, गप्पी मासे सोडा, वर्षभर काही बघावं लागत नाही, डास कायमचे गायब." आणि खाली सूचना: दुसऱ्याच दिवशी मासे सोडा, महिन्यातून एकदा हौद पूर्ण रिकामा करून घासा, पाणी गढूळ झालं की तुरटी फिरवा, पंप रात्री बंद ठेवा म्हणजे वीज वाचते, जलपर्णी आणि एक सकर मासा (भिंतीला तोंड चिकटवून राहतो तो) टाका ते पाणी साफ ठेवतात, थंडीत खायला देऊ नका. पुण्यात माझ्या अंगणात ८ बाय ५ फुटांचा, अडीच फूट खोल हौद आहे, म्हणजे साधारण २८०० लिटर पाणी, आणि बारा वर्षं मी तो सांभाळतोय. शेजारच्या ताईंनी हा मेसेज वाचून परवा खरंच हौद रिकामा करायला घेतला होता, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात घातक सूचना तीच, पूर्ण पाणी बदलून घासायची. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो, तो त्याच्यासाठीच विष असतो. हे विष संपवतात जिवाणू, आणि ते राहतात भिंतीवर, दगडांवर, फिल्टरच्या स्पंजवर, म्हणजे आपल्याला जो बुळबुळीत थर घाण वाटतो ना त्यातच. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात जे बरंच कमी त्रासाचं असतं आणि वनस्पती ते खातात. ही सगळी वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. तुम्ही काथ्या घेऊन घासलंत की अर्धी वस्ती गटारात गेली, आणि वरून नळाचं क्लोरीनवालं पाणी भरलंत की उरलेली पण मेली, शिवाय क्लोरीननं कल्ले भाजतात ते वेगळंच. मी पहिल्या वर्षी एका रविवारी हेच केलं होतं. पाणी काचेसारखं दिसत होतं, मुलं खूश. बुधवारपर्यंत १४ गोल्डफिशपैकी ११ गेले. ते मासे एकेक करून बाहेर काढतानाचा तो बुधवार मी अजून विसरलेलो नाही.

मग करायचं काय? आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी, तेही नळी लावून तळाचा गाळ ओढत काढायचं, आणि तेवढंच नवीन पाणी भरायचं जे ड्रममध्ये एक दिवस उघडं ठेवलेलं असेल. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं. बोअरचं पाणी असेल तर क्लोरीनचा प्रश्न नाही पण त्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून ते उंचावरून धार धरून सोडा. स्पंज धुवायचा तो हौदातून काढलेल्या पाण्यातच, नळाखाली नाही.

तुरटीचं. तुरटीनं माती खाली बसते हे खरं, आपल्या आजीच्या हंड्यात ते चालायचं कारण हंड्यात मासे नव्हते. तुरटी पाण्याची आम्लता वाढवते आणि तिच्यातलं ॲल्युमिनियम कल्ल्यांवर बसतं. आणि बहुतेक वेळा पाणी गढूळ नसतंच, हिरवं असतं, ते शेवाळ असतं, जास्त ऊन आणि जास्त खाणं याचा तो परिणाम. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं टाका, कुमुदिनीची पानं निम्म्या पाण्यावर पसरू द्या, हिरवेपणा आपोआप उतरतो. थोडं हिरवं पाणी राहिलं तरी माशांना त्यात काही त्रास नसतो, त्रास आपल्या डोळ्यांना असतो.

आता रात्री पंप बंद ठेवायचं. हे वाचून मला खरंच राग आला, कारण नेमकी हीच वेळ माशांच्या जिवावरची असते. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. मे महिन्यात आधीच कमी. त्यात वनस्पती आणि शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतात पण रात्री तेही माशांसारखाच ऑक्सिजन वापरतात, म्हणून सगळ्यात कमी ऑक्सिजन पहाटे, उजाडायच्या जरा आधी असतो. सकाळी उठून बघावं तर सगळे मासे वर तोंड काढून हापसतायत किंवा मेलेत, आणि लोक म्हणतात काल संध्याकाळी तर चांगले होते. २० वॅटचा पंप चोवीस तास चालवला तर महिन्याला १४-१५ युनिट होतात, बस. पंप चालू राहू द्या, धार पाण्यावर पडेल अशी ठेवा, लाइट जाणारा भाग असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा.

जलपर्णी नको म्हणजे नको. ती पाण्यातला नायट्रेट ओढते हे बरोबर, पण दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि पाण्यावर झाकण घालते. उन्हाळ्यात आमच्याकडची पवना नदी बघा, पाणीच दिसत नाही. आणि सकर मासा माशांची विष्ठा खात नाही, हा गैरसमज दुकानदारांनीच पसरवलाय. तो दीड फुटापर्यंत वाढतो, आणि मोठा झाला की लोक तो नदीत सोडून देतात, जिथे तो मच्छीमारांची जाळी फाडतो.

थंडीत उपास घालायची सूचना कुठून आली ते कळतं, ती थंड देशांतली आहे. माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये लीड्सला असते, तिच्या तळ्यावर जानेवारीत बर्फाचा पापुद्रा धरतो. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की गोल्डफिश, कोई यांचं पचन जवळपास थांबतं म्हणून ती खाणं बंद करते, आणि बर्फावर गरम पाण्याचं पातेलं टेकवून एक भोक मोकळं ठेवते (हातोडीनं फोडायचं नाही, त्या धक्क्यानं माशांना इजा होते). तिच्याकडे ते बरोबरच आहे. पण माझ्या हौदात डिसेंबरच्या पहाटेसुद्धा थर्मामीटर १५ च्या खाली गेलेला मी बघितला नाही. आपल्याकडे एवढंच करा, खाणं निम्मं आणि तेही दुपारी, पाणी जरा तापल्यावर. निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या ठिकाणी, किंवा हौद अगदी उथळ असेल तर आधी पाण्यात थर्मामीटर घाला आणि मग ठरवा.

मेसेजमध्ये पावसाळ्याचा एक शब्द नाही! आणि आपल्याकडे पावसाळ्यातही मासे जातात. मुसळधार पावसात हौद भरून वाहतो आणि मासे पाण्याबरोबर नाल्यात, म्हणून काठापासून चार बोटं खाली ओव्हरफ्लोचा पाइप आणि त्याला जाळी पाहिजेच, आणि जाळीत पानं अडकतात तर ती रोज काढायची. गच्चीचा पाइप हौदात सोडू नका, पहिल्या पावसात वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण येते. ढगाळ दिवस लागोपाठ आले की शेवाळ मरतं आणि ऑक्सिजन घसरतो, तेव्हा खाणं कमी. दिवड आली तर मारू नका, बिनविषारी असते. आणि भाद्रपदात बाप्पाचं विसर्जन या हौदात करू नका, वेगळी बादली घ्या, रंग आणि कुजणारं निर्माल्य माशांना सहन होत नाही.

आता गप्पी आणि डास. गप्पी अळ्या खातात, हे खरंच आहे, आणि महापालिकेचा आरोग्य विभाग ते वाटतो त्यात चूक नाही. पण डेंग्यूचा डास फक्त हौदातच नाही तर कुंडीखालच्या ताटलीत, कूलरमध्ये, टायरमध्येही अंडी घालतो, तिथे गप्पी कुठून जाणार? आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे साठलेलं सगळं पाणी ओतून भांडी कोरडी करायचा दिवस, पाळावाच लागतो. आणि गप्पी दक्षिण अमेरिकेतले आहेत, जास्त झाले म्हणून ओढ्यात, तळ्यात सोडू नका. आपल्याकडचा पट्टेदार किलीफिश, डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असतो तो, अळ्या तितक्याच आवडीनं खातो.

राहिलं दुसऱ्या दिवशी मासे सोडायचं. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल की किती खारं-अल्कली याचं माप, ७ म्हणजे मधलं) १० च्या वर जाऊ शकतो. हौद भरा, चार-पाच दिवसांनी रिकामा करा, असं तीन-चार वेळा, आणि पीएचची पट्टी साडेआठच्या खाली दाखवायला लागली की फक्त तीन-चार मासे सोडा. बाकीचे दीड महिन्यानं आणा.