स्वल्पविरामाने घेतलेला जीव

पुन्हा तेच. रात्रीची पाइपलाइन (डेटा आपोआप फाइलीतून टेबलात नेणारं काम) आडवी, आणि कारण काय, तर सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, पत्त्याच्या रकान्यात स्वल्पविराम आला. अहो, पत्त्यात स्वल्पविराम असणारच! पण फाइल लिहिणाऱ्याने अवतरणचिन्हं न घालता नुसते तुकडे जोडले, वाचणाऱ्याने डोळे मिटून तोडले, आणि पिनकोड जाऊन बसला फोन नंबरच्या जागी. एरर आली तर नशीब म्हणायचं. बहुतेकदा येतच नाही, चुकीचा डेटा गुपचूप टेबलात जातो.

सीएसव्ही कशी लिहायची हे सांगणारी नियमावली, आरएफसी ४१८०, ही २००५ सालची. अवतरणात नवी ओळ चालते, अवतरणातलं अवतरण दोनदा लिहायचं, सगळं त्यात आहे. तरी ओळ म्हणजेच नोंद असं धरून चालणारे महाभाग संपत नाहीत.

त्यात रकान्यात आकडा आहे की तारीख हे सॉफ्टवेअरने स्वतःच ठरवण्याचा आगाऊपणा. ००४२१ चं ४२१ करायला कुणी सांगितलं होतं? एक्सेल जनुकांच्या नावांच्या तारखा करतं म्हणून शेवटी जनुकांचीच नावं बदलली. मार्च१ चं मार्चएफ१ झालं. सॉफ्टवेअर नाही, जनुक बदललं!

आणि ‘स्वल्पविरामाऐवजी टॅब वापरा की’ म्हणणारे शहाणे. अभिप्रायाच्या रकान्यात लोक टॅबसुद्धा चिकटवतात हो. आस्कीत, म्हणजे संगणकाच्या जुन्या अक्षर-क्रमांक यादीत, ३० आणि ३१ क्रमांकाची चिन्हं खास नोंदी आणि रकाने वेगळे करायला ठेवलीत, पण कीबोर्डवर त्यांचं बटण नाही, मग विचारतो कोण.

निदान पार्सर (फाइल वाचून तिचे तुकडे करणारा कोड) तरी स्वतः लिहू नका रे. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेसोबत सीएसव्ही मॉड्यूल फुकट येतं!