महर्षी कर्व्यांबद्दलच्या फिरत्या मजकुराला उत्तर

१९१६मध्ये महिलांसाठी विद्यापीठ काढणाऱ्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांची जयंती जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरायला लागतो. त्यात चार गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. १९१६पूर्वी भारतात एकही स्त्री पदवीधर नव्हती. कर्वे जपानला गेले, तिथलं महिला विद्यापीठ पाहून आले आणि तसंच त्यांनी इथे काढलं. सरकारने त्याला लगेच मान्यता दिली. आणि हे सगळं त्यांनी एकट्याच्या बळावर केलं. पाठवणाऱ्यांच्या मनात आदरच असतो, पण चारही विधानं चुकीची आहेत. अण्णांची, म्हणजे कर्व्यांची, थोरवी गाताना इतर बायकांनी आयुष्य वेचून केलेलं काम पुसलं जात असेल, तर बोलायलाच हवं.

सर्वांत चुकीचं विधान पहिलं. कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू या दोघींना कलकत्ता विद्यापीठाने १८८३मध्ये पदवी दिली, म्हणजे कर्व्यांच्या विद्यापीठाच्या तब्बल ३३ वर्षं आधी. चंद्रमुखी पुढे एम.ए. होऊन बेथ्यून कॉलेजच्या प्राचार्य झाल्या, तर कादंबिनी डॉक्टर झाल्या. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६मध्ये फिलाडेल्फियाहून वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या. आणि खुद्द पुण्यात? नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात मुलांच्या वर्गात बसून शिकल्या आणि १८८०च्या दशकातच मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. निकाल इतका वरचा होता, की विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. बाई म्हणून ती नाकारली गेली. मग त्यांनी काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना इंग्रजी शिकवलं, पुढे ऑक्सफर्डला जाऊन कायदा शिकल्या. ‘एकही पदवीधर नव्हती’ या एका वाक्याने हे सगळं नाहीसं होतं.

मग १९१६मध्ये नवीन काय होतं? नवीन होती ती शिकवण्याची भाषा. मुंबई विद्यापीठाचं दार बायकांना उघडं होतं, पण आत जायचं तर इंग्रजीतून. घरी किंवा आश्रमात मराठीतून शिकलेल्या विधवेला, उशिरा अक्षर ओळखलेल्या बाईला ते जमणारं नव्हतं. कर्व्यांनी इंग्रजी हा विषय ठेवला, पण शिक्षण मातृभाषेतून दिलं. अभ्यासक्रमात गृहशास्त्र घातलं. बायकांना दुय्यम पदवी देताय, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. मला तो पूर्णपणे चुकीचा वाटत नाही. बाईचं शिक्षण घराशी बांधून ठेवण्याचा धोका त्यात होताच. पण ज्या बायकांपर्यंत पदवी पोहोचण्याची शक्यताच नव्हती, त्यांच्यापर्यंत ती या वाटेने पोहोचली. हे श्रेय कर्व्यांचं, आणि त्यासाठी ‘पहिले’ हा शिक्का लागत नाही.

जपानचं थोडक्यात. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि तिने त्यांच्या विचाराला दिशा दिली, इतकं खरं. ते स्वतः जपानला गेले ते १९२९-३०च्या जगप्रवासात. तोवर इथलं विद्यापीठ सुरू होऊन दशक उलटून गेलं होतं.

सरकारी मान्यतेबद्दलचं विधान तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. १९१६मध्ये कॉलेज मोजक्या विद्यार्थिनींवर सुरू झालं, लोकांच्या वर्गणीवर चाललं. १९२०मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी आपल्या आईच्या, नाथीबाईंच्या, स्मरणार्थ १५ लाखांची देणगी दिली तेव्हा कुठे पाय स्थिरावले. कायदा मात्र १९४९चा आणि वैधानिक विद्यापीठाचा दर्जा प्रत्यक्षात १९५१मध्ये. म्हणजे ३५ वर्षं सरकारने कायद्याने न मानलेली पदवी बायका घेत राहिल्या. ती नोकरीत चालेल की नाही याची खात्री नसताना मुलीला तिथे पाठवणाऱ्या घरांनी आणि जाणाऱ्या मुलींनी जे धाडस केलं, त्याला या मजकुरात एक ओळही नाही.

राहिलं ‘एकट्याच्या बळावर’. अण्णांचे कष्ट मोठेच होते. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झालं की ते चिखल तुडवत, विधवांसाठीच्या आपल्या आश्रमाचं सामान खांद्यावर घेऊन पुण्याबाहेरच्या हिंगण्यापर्यंत चालत जात. पण त्याआधीची पायवाट पंडिता रमाबाईंची. त्यांनी १८८९मध्ये मुंबईत विधवांना राहायला आणि शिकायला शारदा सदन काढलं आणि पुढे ते पुण्यात आणलं. कर्व्यांनी १८९३मध्ये ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई, याच सदनात शिकलेल्या. विधवांसाठी कर्व्यांचा आश्रम आला तो १८९६मध्ये. रमाबाईंनी धर्म बदलला म्हणून त्यांचं नाव या परंपरेतून गाळायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. आणि गोदूबाईंच्या बहीण पार्वतीबाई आठवले? तरुणपणीच विधवा झालेल्या पार्वतीबाई हिंगण्यात आल्या, शिकल्या, संस्थेसाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. १९१८मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, इंग्रजी धड येत नसताना. तिथे पोटासाठी लोकांच्या घरी घरकाम केलं आणि संस्थेसाठी पैसे जमवून परतल्या.