पाय धुऊन या म्हणे!

“मॅट भाड्याची हाय, पाय धुऊन या.”

कबड्डीच्या स्पर्धेच्या दारातला माणूस एवढंच बोलला. मान वर न करता, मोबाईलमध्ये बघत. लातूरहून किल्लारीच्या पुढचं गाव, एरवी सव्वा तासाचा रस्ता. तो आम्ही साडेतीन तासांत, व्हॅन ढकलत, गुडघ्यापर्यंत काळी माती माखून पार केला आणि मंगल कार्यालयाच्या दारात स्वागत काय, तर पाय धुऊन या. हार नको, नारळ नको, निदान ‘आलात का बाबांनो’ तरी म्हणावं माणसानं!

बरं, धुतो. कुठं धुऊ? नळ सोडला तर फुस्स. लाईट नाही म्हणून बोअरची मोटर बंद, मोटर बंद म्हणून टाकी रिकामी. मॅटवरचे फोकस मात्र जनरेटरवर लखलखीत! बाहेर माकणीच्या धरणाचे दरवाजे उघडलेत, तेरणा नदी लोकांच्या सोयाबीनमध्ये शिरलीय, आणि इथं आठ माणसं एका कोरड्या नळाभोवती उभी. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूरचा मी. तेव्हा घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहिलो, तरी एवढा चिडलो नव्हतो.

शेवटी पत्र्याच्या पन्हाळीखाली एकेक जण एका पायावर उभा राहिला. आता काळ्या रानाची माती ती, नुसत्या पाण्यानं निघते होय? टाचेला थर बसलेला, तो नखानं खरवडायचा. बोटांच्या बेचक्यातली काडीनं कोरायची. एक पाय धुऊन खाली टेकवला की तोच पुन्हा चिखलात, कारण पन्हाळीखाली फरशी नाही! आमचा लेफ्ट कॉर्नर असा काडीनं पाय कोरत असतानाच आतून शिट्टी वाजली. लांबलचक.

वॉकओव्हर.

“पंधरा मिनिटं थांबलो की वो तुमच्यासाठी,” स्पर्धेचे अध्यक्ष म्हणाले. “जरा लवकर निघायचं ना राव.”

लवकर! मॅच आठची. आठला पाच कमी असताना आम्ही दारात हजर. ती पंधरा मिनिटं गेली कुठं, तर तुमच्या पन्हाळीखाली! दुपारी साडेचारला निघालो होतो हो आम्ही. यापेक्षा लवकर म्हणजे काय, आदल्या दिवशी मुक्कामाला यायचं? आणि सकाळी मी फोन करून विचारलं होतं की पाऊस लई आहे, पुढं ढकलता का. तर म्हणे, “मंगल कार्यालयात मॅट टाकलीय, पावसाचा काय संबंध?” अरे, तुझ्या मॅटवर छप्पर आहे, रस्त्यावर आहे का?

औशापर्यंत सगळं बरं होतं. लामजना पाटी ओलांडली, किल्लारी मागं टाकली आणि गावाच्या अलीकडच्या फरशी पुलावर पाणी. पाऊस तासाभरापूर्वीच थांबलेला, तरी पाणी चढतंय. खाली तेरणा फुगली की ओढ्याला पुढं वाट मिळत नाही, मग तो मागं मागं तुंबत येतो. हे तिथल्या शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला कळतं, अध्यक्षाला कळत नाही. म्हातारा म्हणाला, “मालक, फिरा माघारी. सकाळधरनं चढूच लालंय.” मी काठी घेऊन खाली उतरलो, चार पावलांतच पाणी मांडीला लागलं, निमूट फिरलो.

आणि तिथं उभी असलेली रीलवाली पोरं! यांचा मला मनापासून संताप येतो. पूर आला की हे मोबाईल आडवा धरून हजर. “काका, घाला की गाडी, मस्त रील येईल!” काका कुणाला म्हणतो रे? आणि माझी व्हॅन वाहून गेली तर खाली गाणं कोणतं लावणार होतास?

मग वीस किलोमीटरचा वळसा. शिवरस्त्यानं. मधल्या एका खोलगट जागी व्हॅन बंद पडली. सात खेळाडू हाफ चड्डीत, चिखलात, ढकलतायत. मी स्टिअरिंगवर. कुणीतरी धरायला लागतंच की! शेजारच्या शेतातली एक मावशी डोक्यावर घमेलं घेऊन बराच वेळ बघत उभी होती. हसली नाही, हे तिचे उपकार.

या स्पर्धा भरवणाऱ्यांचं हे नेहमीचंच आहे. २०१४ च्या मार्चात मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हाही असंच कुणाचं तरी ‘स्पर्धा होणारच’ होतं. लिंबाएवढ्या गारा, रस्ता पांढराफेक, पुढच्या काचेला तडा, आणि मागं बसलेले म्हणतायत, थांबव थांबव, काश्मीरसारखा फोटो येतोय. त्या काचेचे पैसे वर्गणी काढून देणार होते. अजून काढतायत. २०२५ च्या सप्टेंबरात अख्खा मराठवाडा पाण्याखाली, लोकांची गुरं वाहून गेली, तरी चौकातलं फ्लेक्स काही उतरलं नाही. त्यावर चाळीस तोंडं. एवढ्या चाळीस जणांतला एकही, एकही माणूस टाकी भरून ठेवू शकत नाही?

असो. घरी येऊन गुडघ्याला तेल लावत बसलो, तेव्हा जरा शांत डोक्यानं विचार केला. मी चव्वेचाळीस वर्षांचा. शेवटची रेड कधी मारली ते आठवत नाही. एका रेडची तीस सेकंद मला आता नुसता जिना चढायला लागतात. टीममध्ये माझी जागा पक्की आहे ती व्हॅनमुळं. मॅच सुरू झाली की मी कडेला बसून सात जणांची पाकिटं आणि मोबाईल सांभाळतो. म्हणजे मला मॅटवर चढायचंच नव्हतं. तरी मी पाय धुतले. पन्हाळीखाली तिसरा नंबर लावून, दोन्ही पाय, घासून घासून. सगळ्यात जास्त वेळ मीच घेतला, असं पोरं परतीच्या वाटेवर कुजबुजत होती. मी रेडिओचा आवाज वाढवला.

बायकोनं दार उघडलं. “जिंकलात?”

“खेळलोच नाही.”

“मग हा चिखल कशाचा?” आणि वर, “बाहेरच थांबा. पाय धुऊन या.”

आज सकाळी अध्यक्षांना फोन लावला. म्हटलं, अकराशे रुपये एन्ट्री फी, तेवढी तरी परत द्या. तर म्हणे पावती दाखवा. पावती व्हॅनच्या खालच्या कप्प्यात होती, त्या खोलगट जागेपर्यंत. आता तिचा लगदा झालाय. तोच प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवलाय. रविवारी नेऊन त्यांच्या भाड्याच्या मॅटवर ठेवणार आहे. न धुता.