टेक्सासचा व्हाउचर कायदा आणि मतदारांना न विचारलेला प्रश्न

१७ एप्रिल २०२५ रोजी टेक्सासच्या प्रतिनिधीगृहाने खासगी शाळांच्या शुल्कासाठी सरकारी पैसा देणारे विधेयक ८६ विरुद्ध ६१ मतांनी मंजूर केले. ३ मे रोजी गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि एक अब्ज डॉलरची ही योजना २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून सुरू होईल असे ठरले. विधेयकावरील चर्चेत जेम्स तालारिको या डेमोक्रॅट सदस्यांनी, जे पूर्वी सॅन अँटोनियोच्या सरकारी शाळेत शिक्षक होते, एक साधी दुरुस्ती सुचवली होती. योजना लागू करण्यापूर्वी नोव्हेंबरमध्ये मतदारांचा कौल घ्यावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ती दुरुस्ती फेटाळली गेली. तिच्या बाजूने मत देणारे रिपब्लिकन सदस्य एकच निघाले, ते म्हणजे माजी सभापती डेड फेलन.

डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरांत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांमध्ये या योजनेची चर्चा बहुतेक वेळा ‘आपल्याला पैसे मिळतील का’ या प्रश्नापाशी थांबते. तो प्रश्न गैर नाही. मुलांच्या शिक्षणाचा खर्च प्रत्येकाला पेलावा लागतो. परंतु मला त्याहून अधिक अस्वस्थ करणारी बाब ही आहे की, ज्या धोरणाला नेते ‘पालकांचा अधिकार’ म्हणतात, त्याच धोरणावर पालकांना मत देऊ द्यायला ते तयार नसतात. त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आधी एक फरक स्पष्ट केला पाहिजे, कारण चार्टर शाळा आणि व्हाउचर यांचा उल्लेख नेहमी एका दमात केला जातो. चार्टर शाळा ही सरकारी पैशावर चालणारी, विनाशुल्क, पण स्वतंत्र व्यवस्थापनाची शाळा असते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर तिला साधारणपणे सोडत काढावी लागते, तिच्या मुलांना राज्याची परीक्षा द्यावी लागते आणि कामगिरी वाईट असेल तर तिचा करार रद्द करता येतो. महाराष्ट्रातील खासगी संस्थेच्या अनुदानित शाळेशी तिचे थोडेफार साम्य आहे. व्हाउचरमध्ये पैसा खासगी शाळेच्या शुल्कासाठी पालकाच्या नावे दिला जातो. टेक्सासच्या योजनेत साधारण विद्यार्थ्यासाठी ही रक्कम वर्षाला सुमारे १० हजार डॉलर आहे, दिव्यांग विद्यार्थ्यासाठी ती ३० हजारांपर्यंत जाऊ शकते आणि घरीच शिकणाऱ्या मुलांसाठी ती २ हजारांपर्यंत मर्यादित आहे. खासगी शाळेने कोणाला प्रवेश द्यायचा हे मात्र ती शाळाच ठरवते, आणि तिच्या प्रवेशाच्या अटींना हात लावला जाणार नाही अशी हमी कायद्यातच आहे.

माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा या शेवटच्या तरतुदीत आहे. शाळा निवडण्याचा अधिकार पालकाला दिला असे म्हणायचे आणि अंतिम निवड शाळेच्या हाती ठेवायची, यातून पालकाला मिळते ती केवळ अर्ज करण्याची मुभा. डॅलसमधील नामांकित खासगी शाळांचे वार्षिक शुल्क ३० हजार डॉलरच्या पुढे आहे. ज्याला उरलेले २० हजार भरता येत नाहीत, त्याच्यासाठी ही शाळा कालही बंद होती आणि उद्याही बंदच राहणार आहे.

या कल्पनेचा इतिहास गुंतागुंतीचा आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये शिक्षणातील सरकारच्या भूमिकेवर निबंध लिहून व्हाउचरचा सैद्धांतिक पाया घातला. त्याच काळात, १९५४ च्या ब्राउन निकालाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवल्यानंतर, दक्षिणेतील काही राज्यांनी शुल्क-अनुदानाचा उपयोग नेमका उलट हेतूने केला. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग) १९५९ मध्ये आपल्या सर्व सरकारी शाळा बंद केल्या आणि गोऱ्या मुलांना खासगी शाळेत जाण्यासाठी अनुदान दिले. कृष्णवर्णीय मुलांना तिथे पाच वर्षे सरकारी शाळा नव्हती. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केल्यावर त्या पुन्हा उघडल्या. आजच्या प्रत्येक समर्थकावर या पापाचे ओझे टाकणे अन्यायाचे होईल, परंतु कृष्णवर्णीय समाजातील अनेक ज्येष्ठ नागरिक ‘व्हाउचर’ या शब्दाकडे संशयाने का पाहतात, हे त्यावरून समजते.

आणि तरीही आधुनिक व्हाउचरची सुरुवात एका कृष्णवर्णीय डेमोक्रॅट महिलेच्या लढ्यातून झाली. मिलवॉकीच्या आमदार पॉली विल्यम्स यांनी रिपब्लिकन गव्हर्नर टॉमी थॉम्पसन यांच्याशी हातमिळवणी करून १९९० मध्ये विस्कॉन्सिनमध्ये ती योजना आणली, कारण त्यांच्या भागातील सरकारी शाळा पिढ्यानपिढ्या गरीब मुलांना निराश करत होत्या. त्या मूळ कायद्याच्या अटी वाचल्या की माझा आदर वाढतो: उत्पन्नाची मर्यादा कडक होती आणि जागा कमी पडल्यास शाळेला मुले निवडून घेता येत नव्हती, सोडतच काढावी लागत होती. पुढे धार्मिक शाळांचा समावेश झाला, आणि २०११ मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्या काळात उत्पन्नाची मर्यादा बरीच वर गेली. गरिबांसाठी आणलेली योजना सधनांसाठी खुली करण्याला विल्यम्स यांनी स्वतः उघड विरोध केला. नेत्यांच्या व्हाउचरप्रेमाची कसोटी मला त्यांच्या या भूमिकेत सापडते. १९९० च्या अटी मान्य असतील, तर त्या नेत्याशी माझे फारसे भांडण नाही.

टेक्सासमध्ये मात्र गोष्ट वेगळ्याच वाटेने गेली. इथे ग्रामीण रिपब्लिकन आमदार वर्षानुवर्षे व्हाउचरच्या विरोधात उभे राहत आले. त्यांच्या लहान गावांत खासगी शाळा जवळपास नसतातच. सरकारी शाळा हीच गावातील मोठी रोजगार देणारी संस्था असते आणि शुक्रवारच्या रात्रीच्या फुटबॉल सामन्याला अख्खे गाव तिच्याच मैदानावर जमते. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ॲबट यांनी त्या वर्षी बोलावलेल्या चौथ्या विशेष अधिवेशनात, प्रतिनिधीगृहाने ८४ विरुद्ध ६३ मतांनी विधेयकातून व्हाउचरचा भाग काढून टाकला. डेमोक्रॅट सदस्यांना २१ रिपब्लिकन येऊन मिळाले होते. सरकारी शाळांसाठीचा ७ अब्ज डॉलरहून अधिकचा वाढीव निधी याच विधेयकाला बांधून ठेवलेला होता, त्यामुळे व्हाउचर पडताच शिक्षकांची पगारवाढही पडली. राज्याकडून शाळांना मिळणारा प्रति विद्यार्थी मूळ भत्ता २०१९ पासून ६,१६० डॉलरवर अडकला होता आणि दरम्यान महागाई कुठे गेली हे आपण सारेच जाणतो. हा भत्ता म्हणजे शाळेचा संपूर्ण खर्च नव्हे, त्यावर इतर निधीही मिळतो, त्यामुळे त्याची १० हजारांच्या व्हाउचरशी थेट तुलना करणे योग्य नाही. पण शिक्षकांचा पगार ओलीस ठेवून दुसरे विधेयक मंजूर करून घेण्याचा प्रयत्न मला कोणत्याही पक्षाने केला असता तरी निंद्यच वाटला असता.

डिसेंबर २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील अब्जाधीश जेफ यास यांनी ॲबट यांच्या प्रचारनिधीला ६० लाख डॉलर दिले. २०२४ च्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, ॲबट यांनी स्वपक्षाच्याच व्हाउचरविरोधी आमदारांविरुद्ध उमेदवारांना बळ दिले. काही जण आधीच निवृत्त झाले होते, अनेक जण हरले आणि त्या २१ पैकी बहुसंख्य सदस्य पुढच्या सभागृहात परतले नाहीत. प्रचारात अनेक ठिकाणी शाळांपेक्षा सीमासुरक्षेचाच मुद्दा पुढे होता. २०२५ मध्ये मतदानाच्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीही फोनवरून रिपब्लिकन आमदारांशी संवाद साधला आणि अखेरीस फेलन व गॅरी व्हॅनडीव्हर हे दोघेच रिपब्लिकन विरोधात उरले. शेजारच्या राज्यातीलही नसलेल्या एका धनाढ्य माणसाचा पैसा टेक्सासच्या सरकारी शाळांतील ५५ लाख मुलांच्या भवितव्यावर इतका प्रभाव टाकू शकतो, ही गोष्ट मला लोकशाहीसाठी घातक वाटते.

मार्च २०२४ च्या रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत शाळानिवडीच्या अधिकाराविषयीच्या प्रश्नाला मोठे बहुमत मिळाले होते, असे समर्थक सांगतात, आणि ते खरे आहे. मात्र तो कौल बंधनकारक नव्हता आणि तो एकाच पक्षाच्या प्राथमिक मतदारांचा होता. सर्व मतदारांसमोर प्रत्यक्ष प्रस्ताव ठेवला जातो तेव्हा काय होते, हे पाहण्यासाठी इतर राज्यांकडे बघावे लागते. युटाच्या मतदारांनी २००७ मध्ये सुमारे ६२ टक्के मतांनी व्हाउचर नाकारले. ॲरिझोनाने २०१८ मध्ये योजनेचा विस्तार सुमारे ६५ टक्के मतांनी फेटाळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंटकीत खासगी शाळांना सरकारी पैसा देण्याची वाट मोकळी करणारी घटनादुरुस्ती राज्याच्या सर्वच्या सर्व १२० काउंटींमध्ये हरली, आणि त्याच दिवशी त्याच राज्याने ट्रम्प यांना प्रचंड बहुमत दिले होते. नेब्रास्कानेही त्याच दिवशी आपल्या विधिमंडळाचा कायदा रद्द केला. म्हणजे हा विरोध डेमोक्रॅट मतदारांपुरता मर्यादित नाही. आणि तरीही ॲरिझोनाच्या विधिमंडळाने व गव्हर्नर डग ड्युसी यांनी २०२२ मध्ये ती योजना प्रत्येक विद्यार्थ्यासाठी खुली केली. युटानेही २०२३ मध्ये तेच केले.

ॲरिझोनात त्यानंतर आलेल्या सुरुवातीच्या अर्जांपैकी सुमारे तीन चतुर्थांश अशा मुलांचे होते, जी सरकारी शाळेत नव्हतीच. आयोवात पहिल्या वर्षी लाभ घेणाऱ्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश आधीपासूनच खासगी शाळेत होती. टेक्सासच्या कायद्यात दिव्यांग आणि कमी उत्पन्नाच्या मुलांना प्राधान्य आहे, तसेच सर्वाधिक उत्पन्नगटासाठी निधीच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे. ही सुधारणा मी मान्य करतो. परंतु प्राधान्यक्रमातील मुलाला शाळेने प्रवेशच दिला नाही, तर प्राधान्याचा उपयोग काय?

मुलांच्या शिक्षणावर काय परिणाम होतो, हा तर सर्वात महत्त्वाचा प्रश्न. लुईझियानात सोडतीच्या आधारे केलेल्या अभ्यासात व्हाउचर घेतलेल्या मुलांचे गणिताचे गुण पहिल्याच वर्षी लक्षणीयरीत्या घसरल्याचे दिसले, आणि ओहायोतील अभ्यासानेही तसाच निष्कर्ष काढला. वॉशिंग्टन शहरातील योजनेत मात्र शालान्त पदवी मिळवण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले होते. याउलट बॉस्टनच्या चार्टर शाळांचे सोडतीवर आधारित निष्कर्ष खरोखरच उत्तम होते, विशेषतः गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी. तरीही २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी चार्टर शाळांची संख्या वाढवण्याचा प्रस्ताव ६२ टक्के मतांनी फेटाळला. गव्हर्नर चार्ली बेकर त्याच्या बाजूने होते आणि सिनेटर एलिझाबेथ वॉरन विरोधात. मला स्वतःला तो निर्णय चुकीचा वाटला, पण तो मतदारांनी घेतला होता आणि नेत्यांनी तो पाळला.

चार्टर शाळांना डेमोक्रॅट नेत्यांचाही भक्कम आधार होता. क्लिंटन यांच्या काळात केंद्राचा निधी सुरू झाला आणि ओबामा यांच्या ४ अब्ज डॉलरहून मोठ्या ‘रेस टू द टॉप’ स्पर्धेने राज्यांना चार्टरवरील मर्यादा सैल करायला प्रोत्साहन दिले. देखरेख ढिली पडली की चार्टरमध्येही काय होते, हे ओहायोच्या ‘इकॉट’ या ऑनलाइन शाळेने दाखवले. हजेरीचा हिशेब जुळेना, राज्याने कोट्यवधी डॉलर परत मागितले आणि जानेवारी २०१८ मध्ये, ऐन सत्राच्या मध्यात, ती शाळा बंद पडून हजारो मुले उघड्यावर आली. मात्र त्या शाळेचा हिशेब तपासण्याचा अधिकार राज्याकडे होता, म्हणून ते उघडकीस तरी आले.

महाराष्ट्रातील वाचकांना हा वाद परका वाटू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांमधील २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी असतात, प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतो, मुलाची परीक्षा घेता येत नाही आणि शुल्काची प्रतिपूर्ती सरकार करते. ती वेळेवर होत नाही ही शाळांची तक्रार रास्त आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खासगी विनाअनुदानित शाळांना या जबाबदारीतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. सरकारी पैसा घ्यायचा तर मूल निवडण्याचा अधिकार सोडायचा, हे तत्त्व त्या कायद्यात आहे, आणि टेक्सासच्या कायद्यात नेमके तेच नाही.

जुलै २०२५ च्या केंद्रीय करकायद्यामुळे २०२७ पासून, खासगी शाळेच्या शुल्कासाठीही मदत करणाऱ्या शिष्यवृत्ती संस्थांना देणगी देणाऱ्याला १,७०० डॉलरपर्यंत करसवलत मिळणार आहे आणि त्यात सहभागी व्हायचे की नाही हे प्रत्येक राज्य ठरवणार आहे. टेक्सासच्या योजनेचा खर्चही २०३० पर्यंत वर्षाला ४ अब्ज डॉलरच्या पुढे जाऊ शकतो असा विधिमंडळाच्या अर्थसंकल्प मंडळाचा अंदाज आहे. २०२७ च्या अधिवेशनात निधी वाढवण्याची मागणी होईल, हे उघड आहे.

म्हणून माझी विनंती मुख्यतः नागरिकत्व मिळालेल्या मित्रमैत्रिणींना आहे. योजनेचा लाभ घेणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला मी दोष देणार नाही. पण टेक्सासमध्ये आमदार प्रत्यक्षात ठरतो तो बहुतेक मतदारसंघांत मार्चमधील प्राथमिक निवडणुकीत, आणि आपल्यापैकी बरेच जण फक्त नोव्हेंबरमध्ये मतदान करतात. इथे पक्षाची नोंदणी करावी लागत नाही; मार्चमध्ये कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. उमेदवार मत मागायला येतील तेव्हा त्यांना विचारा की, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला सोडतीने प्रवेश देण्याची अट घालायला ते तयार आहेत का, आणि तिच्या मुलांनी सरकारी शाळेतील मुलांचीच परीक्षा द्यावी हे त्यांना मान्य आहे का. मी दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना हेच विचारणार आहे आणि त्यांची उत्तरे इथे, शब्द न बदलता, लिहीन.