प्रिय चष्मेवाले

रबराची ओ-रिंग नीट काम करत असते तोवर ती कुणाला दिसत नाही. पंपात, व्हॉल्व्हमध्ये, हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये दोन लोखंडांच्या मध्ये चेंगरून बसायचं आणि तेल बाहेर येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. तिची आठवण होते ती जमिनीवर तेलाचं थारोळं साचल्यावर, आणि तीही शिवीसकट. भोसरीच्या एमआयडीसीत आमचा या रिंगांचा कारखाना आहे. तिथे मी बिलं बघतो, डिस्पॅच बघतो, जीएसटीच्या नोटिसा बघतो, आणि हल्ली या रिंगांबद्दल लोक आवडीने वाचतील अशा ई-मेल लिहितो. हे शेवटचं काम माझ्याकडे आलं त्याचं कारण शाळेत माझे निबंध वर्गात वाचून दाखवायचे, असं मी एकदा डबा खाताना बोललो होतो.

मूळ कल्पना साहेबांच्या भाच्याची. तो डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून थेट आमच्या अंगावर आला. "काका, नुसता माल विकायचा नाही, गिऱ्हाइकाशी नातं जोडायचं," तो म्हणाला. आमची निम्मी गिऱ्हाइकं ९० दिवसांच्या उधारीवर आहेत. त्यांच्याशी माझं जितकं बोलणं होतं तितकं सख्ख्या भावाशी होत नाही. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत असा २००६ चा कायदा आहे. आम्ही तो लॅमिनेट करून ऑफिसात लावलाय. येणारे परचेसवाले चहा पिता पिता तो वाचतात आणि फॉन्ट छान आहे म्हणतात.

मला धीर यावा म्हणून भाच्याने इतिहास सांगितला. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीतल्या गॅरी थुर्क नावाच्या गृहस्थांनी अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना एकदमच नव्या कॉम्प्युटरच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण धाडलं. पत्ते इतके होते की पत्त्यांच्या रकान्यात मावले नाहीत, उतू जाऊन मजकुरात शिरले. लोक खवळले, वरून तंबी मिळाली, आणि कोट्यवधी डॉलरची विक्री झाली असं थुर्क पुढे सांगत राहिले. जगातल्या पहिल्या स्पॅमचा मान त्यांनाच देतात. भाच्याने यातून कोट्यवधी डॉलर तेवढे उचलले. माझ्या मनात तंबी राहिली.

पहिली मेल आकर्षक हवी, सुरुवातीलाच गोष्ट हवी, असा त्याचा आग्रह. रबराची गोष्ट कुठून आणायची? दोन दिवसांनी तो उड्या मारतच आला. त्याला 'चॅलेंजर' हे अमेरिकेचं अंतराळयान सापडलं होतं. २८ जानेवारी १९८६, फ्लोरिडातली कडाक्याची थंडी, रॉकेटच्या जोडातली ओ-रिंग गारठून कडक झाली, फटीतून गरम वायू निसटला, आणि उड्डाणानंतर ७३ सेकंदांत सगळं संपलं. सात अंतराळवीर गेले. पुढे चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्याच रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सगळ्यांसमोर दाखवलं की थंडीत ते लगेच पूर्ववत होत नाही. भाच्याने सब्जेक्ट लाइनही आणली होती: 'एका रिंगेची किंमत काय असते?'

मी म्हटलं, अरे, धंद्याच्या मेलमध्ये सात माणसं मारायची? आणि वाचणाऱ्याला आपल्याच रिंगेने मेली असं वाटलं तर? प्रकरण साहेबांकडे गेलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सप्लायर कोण होता?"

भाचा गप्प.

"मटेरियल कुठलं?"

"व्हायटॉन, मामा."

"म्हणजे आपल्याकडचं सगळ्यात महाग मटेरियल! अजिबात लिहू नका."

तेव्हा चॅलेंजर बाजूला राहिलं आणि आम्ही 'होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल' वर आलो. हे एक मला कळत नाही. मी भोसरीत, समोरचा चाकणला, दोघंही घरी पिठलं खाणारे. फोनवर "काय सर, जेवलात का?" म्हणतो. मेल लिहायला बसलो की दोघांच्याही अंगात विलायतेतून नुकताच उतरलेला बॅरिस्टर शिरतो. 'ग्रीटिंग्ज ऑफ द डे', 'काइंडली डू द नीडफुल', 'अवेटिंग युअर फेवरेबल रिप्लाय'. मग मेल पाठवून लगेच फोन करायचा: "सर, मेल टाकलीय, बघा जरा." तो म्हणतो, "काय लिहिलंय सांगा ना." आणि आपण तोंडी सांगतो.

मेल कुणाला धाडायची ती यादी हा वेगळाच प्रकार होता. साहेब मशीन टूल्सच्या प्रदर्शनांना नियमाने जातात आणि बिस्किटाच्या डब्यात व्हिजिटिंग कार्डं साठवतात. ती सगळी शीटमध्ये भरली. त्यात निवृत्त झालेले मॅनेजर निघाले, बंद पडलेल्या कंपन्या निघाल्या, एक मंगल कार्यालय निघालं, आमच्या धंद्यातला थेट प्रतिस्पर्धी निघाला आणि साहेबांचे साडू निघाले. बाकीचे पत्ते साहेबांच्या फोनमधून जसेच्या तसे उतरवले. साहेबांना नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून ते माणूस ओळखता येईल असं काहीतरी लिहून ठेवतात. भाच्याने नावाच्या रकान्यात काय आहे ते न बघता सॉफ्टवेअरला सांगितलं की प्रत्येकाला नावाने हाक मार. नावाने हाक मारली की माणूस मेल उघडतो, असं कोर्समध्ये शिकवलं होतं.

सोमवारी सकाळी सॉफ्टवेअरने इमानेइतबारे हाका मारल्या. 'डिअर चष्मेवाले, होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल.' 'डिअर नवीन पोरगा.' 'डिअर गोड बोलतो पेमेंट लेट.' 'डिअर उगीच रेट विचारतो.'

त्या दिवशी मी फोन उचलायला घाबरत होतो. पहिला फोन चष्मेवाल्यांचाच. "अहो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चष्मा गेला आता. यादी दुरुस्त करा." नंतर दहा मिनिटं डोळ्यांच्या डॉक्टरवर बोलले आणि जाता जाता नायट्राइल रबराच्या रिंगांची ऑर्डर दिली. 'नवीन पोरगा' आता प्लँट हेड झालाय; त्याने मेलची प्रिंट काढून केबिनमध्ये लावली म्हणे. 'गोड बोलतो पेमेंट लेट' यांच्याकडून काहीच आलं नाही. त्यांना बहुधा सगळेच सप्लायर याच नावाने ओळखत असावेत. आणि 'उगीच रेट विचारतो' यांनी उलट टपाली रेट विचारला.

मला नियमित, वेळेवर, न चुकता उत्तर देणारा मात्र एकच: मेलर डेमन, म्हणजे न पोचलेली मेल परत धाडणारा सॉफ्टवेअरमधला कारकून. मी पाठवलं की त्याचं हजर. पत्ता सापडला नाही, पेटी भरली आहे, असा माणूस इथे नाही. आमच्या परचेसवाल्यांनी याच्याकडून शिकवणी घ्यावी.

भाचा आलेख दाखवायला लागला. मेलमध्ये एक डोळ्यांना न दिसणारं, एका ठिपक्याएवढं चित्र दडवलेलं असतं. मेल उघडली की ते आमच्या सॉफ्टवेअरकडून मागवलं जातं आणि 'वाचली' अशी नोंद होते. एका मोठ्या कंपनीतल्या साहेबांनी म्हणे रात्री अडीच वाजता आमची मेल उघडून त्यातली प्रत्येक लिंक दाबली होती. थेट कॅटलॉगपासून गूगल मॅपपर्यंत. भाच्याचे डोळे पाणावले. मला शंका आली म्हणून त्यांच्या आयटीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, आमचा सिक्युरिटी स्कॅनर आहे तो, व्हायरस शोधायला सगळ्या लिंका दाबून बघतो. शिवाय २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये अशी सोय आहे की माणसाने मेल वाचो न वाचो, चित्रं आधीच उतरवून ठेवली जातात. थोडक्यात, आमचे निबंध मनापासून वाचणारे आयफोन होते, त्यांचे मालक नव्हते.

जीमेलने तर २०१३ पासूनच 'प्रमोशन्स' नावाचा वेगळा कप्पा केलाय. तिथे आमची ओ-रिंग साड्यांच्या सेल आणि विमान तिकिटांच्या शेजारी पडते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना (गूगलच्या हिशोबात दिवसाला ५००० किंवा जास्त) नियम लावले: पाठवणारा खरा आहे याची तांत्रिक ओळख पटवा, एका क्लिकवर यादीतून सुटका द्या, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवा. आमची यादी जेमतेम ३०० ची, तेव्हा यातले सगळेच नियम काही आम्हाला लागू नाहीत. पण भाच्याने धसका घेतला. गणित केलं तर एक माणूस रागावला तरी आम्ही मर्यादा ओलांडतो. आणि तो एक माणूस आम्हाला ठाऊक होता. साडूंनी पहिल्याच दिवशी स्पॅमचं बटण दाबलं होतं. दिवाळीत साहेबांनी त्यांना फराळाला बोलावलं ते फक्त ते बटण परत उलटं दाबून घ्यायला.

असं चाललं असताना कच्च्या रबराचे भाव वाढले. साहेब म्हणाले, सगळ्यांना कळवून टाका. भाचा गावाला गेला होता, त्यामुळे मी मला येतं तसं लिहिलं. चित्र नाही, गोष्ट नाही, होप नाही. 'एक तारखेपासून नायट्राइल रिंगांचे दर आठ टक्क्यांनी वाढत आहेत. त्याआधी आलेल्या ऑर्डरी जुन्या दराने घेऊ.' खाली सही.

चहा यायच्या आत फोन सुरू झाले. जे महिनोन्‌महिने आमच्या मेल उघडत नव्हते त्यांनी ही शब्दन्‌शब्द वाचली होती, आणि आठ टक्क्यांतला आठ का, यावर त्यांची मतं तयार होती. ज्यांच्या मेल पत्ता चुकीचा म्हणून परत आल्या होत्या, त्यांचेसुद्धा फोन आले. गोड बोलतो पेमेंट लेट स्वतः गाडी घेऊन आले, गोड बोलले आणि तीन महिन्यांची ऑर्डर देऊन गेले. मंगल कार्यालयाने विचारलं की हे दर आम्हालाही लागू आहेत का.

भाचा परत आला, आलेख बघितला आणि खुर्चीतच बसला. "काका, काय सब्जेक्ट लाइन टाकलीत हो?"

"दरवाढ."

त्याने ते वहीत लिहून घेतलं.

आता अडचण एवढीच की जुन्या दराच्या ऑर्डरी इतक्या झाल्यात की मोल्डिंगच्या प्रेस तीन पाळ्यांत चालवूनही माल वेळेत निघायचा नाही, आणि 'उशीर होईल' हे त्याच तीनशे जणांना आवडीने वाचावंसं वाटेल असं मी कळवायचं आहे. भाच्याने तीन सब्जेक्ट लाइन सुचवल्यात. तिन्हींत रॉकेट आहे.