‘बडबडून शटल पलीकडे जात नाही’: एका प्रशिक्षकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एवढं सविस्तर लिहिल्यावर दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे वेगळं उत्तर. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तुम्ही पुण्यात अनेक वर्षं मुलांना बॅडमिंटन शिकवता. खेळताना मनात जे बोलणं चालू असतं त्याला वळण लावता येतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. ते तुम्हाला ‘शिबिरवाल्यांची पोपटपंची’ वाटलं. तुमचं म्हणणं: खेळ घोटून येतो, बडबडून नाही. चांगल्या खेळाडूचं डोकं खेळताना शांत असतं. ‘मी तर मुलांना एवढंच ओरडून सांगतो, पाय, पाय, पाय! बाकी काही लागत नाही.’ आणि शेवटी प्रश्न: बालेवाडीत सराव करणाऱ्या नेमबाज स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकचं पदक काय स्वतःशी गप्पा मारून मिळवलं?

कुसाळेचं आधी उरकते. 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून नेम धरण्याच्या) त्या अंतिम फेरीत, 2024 मध्ये, त्याच्या मनात काय चाललं होतं ते तुम्ही पाहिलेलं नाही, मीही नाही. तेव्हा त्याला कुणाच्याच बाजूने साक्षीला उभं करू नये. एवढं मात्र खरं की तेव्हा त्या प्रकारात पूर्ण अंतिम फेरी 45 गोळ्यांची होती, आणि प्रत्येक गोळी सुटायला क्षण पुरतो. बाकीचा सगळा वेळ नेमबाज आणि त्याचं डोकं एवढेच असतात. मी लिहिते आहे ती या मधल्या वेळेबद्दल.

‘डोकं शांत ठेवायचं’ यावर आपलं खरं भांडण आहे. शांत डोकं मलाही हवंय. पण ते हुकमाने येत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी 1987 मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. पुढे 1998 च्या एका प्रयोगात त्यांनी लोकांना गोल्फचा चेंडू खळग्याकडे ढकलायला सांगितला आणि बजावलं, खळग्याच्या पुढे जाऊ देऊ नका. त्याच वेळी एक आकडा लक्षात ठेवायला लावून डोकं अडकवून ठेवलं, तेव्हा चेंडू नेमका पुढे जाऊ लागला. आता कुठल्याही शालेय स्पर्धेत कोर्टाच्या कडेला उभं राहून ऐका. ‘नेटमध्ये घालू नकोस!’ ‘बाहेर मारू नकोस!’ पालक ओरडतात, प्रशिक्षक ओरडतात. गुणफलक, समोरचा खेळाडू, गॅलरीतले वडील एवढं सगळं डोक्यात घेऊन उभ्या असलेल्या मुलाला आपण नेमकं तेच चित्र दाखवत असतो.

तेव्हा निवड शांतता की बडबड अशी नसतेच. सलग तीन गुण गेले की बाराव्या वर्षाच्या मुलीच्या डोक्यात बोलणं सुरू होतंच: गेली मॅच, सरांनी बघितलं, आता घरी जाताना गाडीत लेक्चर. तुम्ही काही शिकवा वा शिकवू नका, हा मजकूर तिला पाठ असतो. प्रश्न एवढाच की त्या जागी दुसरं काही ठेवायचं का.

इथे ‘मी चॅम्पियन आहे’ ठेवायचं, असं मी कुठेही लिहिलेलं नाही, सर. मागचा लेख पुन्हा पाहा. मला स्वतःला त्या घोषणांचा कंटाळा आहे, आणि संशोधनही त्यांच्यावर फारसं मेहेरबान नाही. 2009 मध्ये कॅनडातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं आहे, त्यांना ‘मी फार गोड माणूस आहे’ असली वाक्यं म्हणायला लावली तर त्यांना उलट जास्त वाईट वाटतं. टेनिसच्या 24 कुमार खेळाडूंचे सामने पाहून 1994 मध्ये एक अभ्यास झाला. त्यात स्वतःला टाकून बोलण्याचा संबंध हरण्याशी दिसला, पण स्वतःची पाठ थोपटण्याचा जिंकण्याशी काही दिसला नाही. तेव्हा पोपटपंचीबद्दल आपण एकाच बाजूला आहोत.

मग उपयोग कशाचा होतो? ग्रीसमधल्या अभ्यासकांनी 2011 मध्ये खेळताना स्वतःशी बोलण्यावरचे 32 अभ्यास एकत्र करून पाहिले. फायदा आहे, पण मध्यम. जादू नाही. बारीक, नेमक्या हालचालींत तो जास्त, नुकत्याच शिकलेल्या कौशल्यात जास्त, आणि शब्दांचा आधी सराव केलेला असेल तर आणखी जास्त. म्हणजे हेही घोटूनच येतं. आणि नवं कौशल्य शिकताना कामाला येतो तो छोटा, हालचालीला धरून असलेला सूचनेचा शब्द. उदाहरणार्थ, ‘पाय’. तुम्ही ज्याला ‘बाकी काही लागत नाही’ म्हणता, तेच मी त्या लेखात लिहिलं होतं. फरक इतकाच की तुम्ही ते मोठ्याने म्हणता आणि मला ते मुलीने स्वतः, सर्व्हिस घेण्याआधी, मनात म्हणायला हवंय. सामन्यात रॅली सुरू असताना तुमचा आवाज तिच्यापर्यंत पोहोचवायचा नसतो, आणि पोहोचला तरी तोवर शटल पडलेलं असतं.

एका मुद्द्यावर तुमचं म्हणणं वजनदार आहे, आणि मागच्या लेखात त्याला जागा मिळायला हवी होती. तुम्ही लिहिलंत, राज्य पातळीवरची मुलं मनगटाचा विचार करायला लागली की मनगट बिघडतं. बरोबर. संशोधक रिच मास्टर्स यांनी 1992 मध्ये गोल्फच्या प्रयोगात दाखवलं की ज्यांना तंत्राचे नियम सांगून शिकवलं, ते दडपणाखाली ढासळले. नियम न सांगता आपसूक शिकलेले तितके ढासळले नाहीत. मुरलेली हालचाल मन पुन्हा सुटी करून तपासायला लागतं, आणि मोडून बसतं. म्हणून पक्क्या खेळाडूच्या तोंडी शरीराचा शब्द नको. त्याला शटल कुठे पडायला हवं त्याचा शब्द द्यावा. क्लिअर, म्हणजे शटल उंचावरून पार मागच्या रेषेकडे पाठवणारा फटका, मारताना ‘खोल’ पुरतं. कोपर कुठे आहे ते कोपराला ठाऊक असतं.

दमसासाच्या खेळांत गणित वेगळं आहे. तिथे तंत्र नाही, दम सोडायचा मोह आवरायचा असतो. 2014 च्या एका प्रयोगात 24 जणांना पार थकेपर्यंत सायकल चालवायला लावली. निम्म्यांना मधले दोन आठवडे स्वतःला चेतवणारी वाक्यं निवडून वापरायला शिकवलं होतं. ते दुसऱ्या खेपेला साधारण 18 टक्के जास्त वेळ टिकले, आणि तेवढ्याच कष्टात त्यांना दमणूकही कमी जाणवली. आतकरवाडीच्या वाटेने रविवारी सिंहगड चढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. शेवटच्या चढावर कुणी पाऊल कसं टाकायचं याचा विचार करत नाही, ‘चल, आलंच’ एवढंच म्हणतं. आणखी एक गंमत: 2019 मध्ये 10 किलोमीटर सायकलिंगवर झालेल्या छोट्या अभ्यासात तीच वाक्यं ‘मी’ऐवजी ‘तू’ने म्हटल्यावर सायकलस्वारांचा वेग जास्त आला. अभ्यास 16 जणांचाच होता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये.

शिबिरांबद्दलचा तुमचा राग मला पटतो. एका दिवसात ‘माइंडसेट’ बदलून देणाऱ्यांना आईवडील भरमसाट फी देतात आणि फूटवर्कचा तास चुकवतात. त्यावर वेगळं लिहीन.

पण एक गोष्ट तुमच्यावर सोडते. मुलाच्या आतला आवाज आधी बाहेरून येतो. मोठ्यांचं बोलणं मूल आधी मोठ्याने स्वतःशी म्हणतं आणि मग गिळून आत नेतं, हे रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कींनी गेल्या शतकात मांडलं. तुमच्याकडे रोज येणारी मुलं ‘पाय’ आत नेणार, तसंच रागाच्या भरात तुम्ही किंवा मी बोललेलं ‘तुला जमणारच नाही’सुद्धा नेणार. म्हणून एक करून बघा. पुढच्या स्पर्धेनंतर, हारजीत शांत झाल्यावर, मोठ्या मुलांना एकेकट्याने विचारा: सलग तीन गुण गेले तेव्हा डोक्यात काय आलं, जसंच्या तसं सांग. रागवायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. जे ऐकाल ते इथे लिहा. माझ्या मुद्द्याच्या विरोधात गेलं तरी मी ते काढून टाकणार नाही.